नदी वाहती झाली, पण पाणी कुणाचे? ‘अरवरी संसद’ काय आहे?

राजस्थानच्या अलवर जिल्ह्यातील अरवरी नदी पावसाळा सरताच कोरडी पडायची. १९८० च्या दशकात तरुण भारत संघाच्या मदतीने गावकऱ्यांनी पाणलोटात जोहड, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, घालायला सुरुवात केली. जागा जाणत्या गावकऱ्यांनी सुचवल्या, श्रमदानही झाले. भूजल वाढले आणि १९९० च्या दशकात नदी बारमाही झाली.

वाद कशावरून?
नदीत मासे आले, तसा सरकारने मासेमारीचा ठेका दिला. गावांच्या विरोधानंतर तो रद्द झाला.

संसद कशासाठी?
पाणी वाढले की उपसाही वाढतो. म्हणून १९९८-९९ मध्ये सुमारे ७० गावांनी ‘अरवरी संसद’ स्थापली. ऊस, भातासारख्या जास्त पाणी लागणाऱ्या पिकांवर बंधने घातली. तिला कायद्याचे बळ नाही. नियम टिकतात ते गावांच्या एकमतावरच.