माशांच्या घरचे विरजण

८ वर्षांपूर्वी आमची माशांची काचपेटी बदलली, तेव्हा मी दिवाळीच्या उत्साहाने सारे नळाखाली लख्ख धुतले. वाळूही, गाळणीचा स्पंजही. पंधरवड्यात सहापैकी चार गोल्डफिश गेले. स्वच्छ पाण्यात मासे मरावेत?

दोष त्या स्वच्छतेचाच होता. माशांच्या शरीरातून अमोनिया सुटतो. स्पंजवर वसलेले जिवाणू या विषाचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने मी त्यांनाच संपवले होते. नवी वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे लागतात.

यंदा ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच पेटी आली. नुसते पाणीच साधारण ५५० किलो! पंप आणि गाळणी भिंतीपलीकडच्या कोठीत गेली. बैठकीतली घरघर थांबली. वीज गेली की पेटीतून उतरणारे पाणी मावावे, म्हणून गाळणीच्या टाकीत जागा रिकामी सोडली.

जुना मळका स्पंज, न धुता, नव्या गाळणीत ठेवताना मात्र हात अडखळला. आई म्हणाली, "ठेव की! विरजणाशिवाय दही लागतं का कधी?"

दोन महिने झाले. ते उरलेले दोघे खुशाल आहेत.