आधी छातीत, मग कानात

नाशिकजवळ ‘सुला’ या वाइन कंपनीच्या द्राक्षमळ्यात २००८ साली सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला. तिथल्या खुल्या रंगमंचासमोर उभं राहिलं, की बेस गिटार कानाआधी छातीत कळते.

साहजिकच आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. साध्या गिटारच्या जाड तारेपेक्षा एक सप्तक खाली. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला ती झेपतच नाहीत.

म्हणून नवख्यांनी हेडफोन लावूनच ‘इंडियन ओशन’ हा बँड ऐकावा. त्याचे बेसवादक राहुल राम म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाचे पीएचडी, नर्मदा बचाव आंदोलनातले एकेकाळचे कार्यकर्ते. बेस वाजवता वाजवता गातातही. (करून बघा, बोटं गाण्यामागे पळतात!)

मुंबईच्या बेसवादक मोहिनी डेचा ‘स्लॅप’ वेगळाच: अंगठा तारेवर आदळतो, बोट तार ओढून सोडतं.

तुमचा आवडता बेसवादक कोण?