फळ्यांमधली फट

सिंगापूरच्या पुलाऊ उबिन बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाचा किनारा आहे. ओहोटीला पाणी हटलं की इथे समुद्री गवताचं कुरणच उघडं पडतं. सरकार इथे भराव घालणार होतं. निसर्गप्रेमींनी आवाज उठवल्यावर डिसेंबर 2001 मध्ये ते काम पुढे ढकललं गेलं. किनारा वाचला, पण तो बघायला लोकांची रीघ लागली आणि गवत पायदळी जायची वेळ आली. म्हणून 2007 मध्ये तिथे किलोमीटरभराहून थोडी लांब, खांबांवरची वाट खुली झाली. तिचा एक फेरा समुद्रावरून जातो, दुसरा खारफुटीतून. खाली चिखलात निवट्या उड्या मारतात, माणसं वरून बघतात.

अशी वाट आखताना खरी पंचाईत उन्हाची होते. गवताला ऊन हवं, त्यासाठी वाट उंच, अरुंद आणि फटींची बरी. व्हीलचेअरला नेमकं उलटं हवं! दोन खुर्च्या शेजारून जायच्या तर 1.8 मीटर रुंदी लागते. फट साधारण 13 मिलिमीटरच्या वर गेली की पुढचं लहान चाक किंवा अंधाची काठी अडकते. फळ्या वाटेला आडव्याच बसवायच्या. लांबीच्या दिशेनं लावल्या तर चाक फटीतच शिरतं. चढ 1:12 हून तीव्र नको, म्हणजे वाट मीटरभर उचलली की उतारालाच 12 मीटर जागा गेली. बारीक जाळीची फरशी दोघांनाही चालते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दाट गवत टाळून वाटच वळवणं.

कठड्याकडे फारसं कुणी बघत नाही. वरची दांडी बसलेल्या माणसाच्या नजरेला आडवी आली, तर त्यानं एवढ्या लांब येऊन दांडीच बघायची.

बांधकामाचीही रीत आहे. यंत्र चिखलात उतरवायचं नाही. झालेल्या भागावरून पुढचा खांब रोवायचा.

पण आराखडा वाटेपासून नव्हे, होडीपासून सुरू व्हायला हवा. उबिनला माणसं बारा जणांच्या छोट्या होडीतून जातात आणि धक्क्यापासून चेक जावा तीनेक किलोमीटर आहे. किनारा ओहोटीलाच बघण्यासारखा असतो, आणि पक्क्या धक्क्याशी होडी सगळ्यात खाली जाते तीही ओहोटीलाच. तिथे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का नसेल, तर पुढची वाट कितीही सपाट असून उपयोग नाही.

आपल्याकडे घारापुरीला धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे लेण्यांपर्यंत 120 पायऱ्या आहेत, आणि ज्यांना त्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी डोली.