रिकाम्या पेट्यांचा बोजा

हैदराबादनजीकच्या कुकटपल्लीहून समुद्र शेकडो कोस दूर. तरीही तेथील कारखानदाराचे भवितव्य आमच्या न्हावा-शेव्याशी बांधलेले आहे, आणि ते बांधले आहे लोखंडी कंटेनरांनी. कुकटपल्लीला लागूनच सनतनगरचा कंटेनर डेपो आहे. भरलेल्या कंटेनरांचे आकडे बंदरे अभिमानाने छापतात. रिकाम्यांची वास्तपुस्त मात्र क्वचितच होते.

वीस फुटी कंटेनर रिकामा असला तरी त्याचे वजन सव्वादोन टनांच्या घरात भरते, आणि ट्रेलरवर वा वाघिणीवर तो भरलेल्याइतकीच जागा अडवितो. हलका, अवजड आकाराचा माल बहुधा चाळीस फुटी कंटेनरांतून येतो. उलट ग्रॅनाइटसारखा जड माल पाठवावयाचा तर वीस फुटीच सोयीचा, कारण मोठा कंटेनर भरण्याच्या कितीतरी आधीच वजनाची मर्यादा गाठली जाते. औषधांना आणि तांदळाला स्वच्छ, कोरडा, कसलाही वास नसलेला कंटेनर हवा. त्यातून रिकामा कंटेनर एका जहाज कंपनीचा, तर निर्यातदाराचा करार दुसरीशी! मग आवारात रिकाम्यांची चळत उभी असताना शेजारचा निर्यातदार हात चोळीत बसतो. एक रिकामा सातशे किलोमीटर बंदराकडे धावतो, दुसरा तितकाच रिकामा उलट येतो, आणि दोन्ही फेऱ्यांचे भाडे अखेर मालाच्या किमतीवर चढते.

2020-21 मध्ये जगभर कंटेनरांचा दुष्काळ पडला, तेव्हा या दुखण्याची तीव्रता सर्वांस कळली. जगातील बहुतेक कंटेनर चीनमध्येच घडतात, हेही तेव्हाच अनेकांच्या ध्यानी आले. तत्पूर्वी, 2018 मध्ये, परदेशी जहाजांना एका भारतीय बंदरातून दुसऱ्यात रिकामे कंटेनर नेण्याची मुभा केंद्राने दिली होती. निर्णय योग्यच होता. पण जहाज काही कुकटपल्लीला जात नाही.

या उलाढालीची झळ आम्हां किनाऱ्यावरील लोकांसही लागते. ज्या बंदराच्या भूसंपादनापायी जानेवारी 1984 मध्ये उरण परिसरात पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले, त्याच्याभोवतीच्या जमिनी आज रिकाम्या कंटेनरांच्या थप्प्यांनी व्यापल्या आहेत, आणि गावकऱ्यांच्या वाटेवर ट्रेलरांच्या रांगा आहेत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक डेपोत सर्व जहाज कंपन्यांच्या रिकाम्या कंटेनरांची एकच नोंदवही असावी. आकार, अवस्था आणि मोकळा होण्याचा दिवस तीत रोज लिहिला जावा. कंपन्यांनी परस्परांत देवघेव करावी, आणि कुकटपल्लीत रिकामा झालेला कंटेनर शक्यतो तेथेच भरला जावा. कंपन्या आपली गुपिते उघड करावयास नाखूष असतील, हे आम्ही जाणतो. डेपोची जागा देतानाच ही अट घालणे मात्र सरकारच्या हाती आहे.