जुन्या कारला फ्युएल इंजेक्शन बसवायचंय? आधी पल्सर २२० ची गोष्ट वाचा

२००७ मध्ये बजाज ऑटोने पल्सर २२० बाजारात आणली. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या या बाईकमध्ये कार्ब्युरेटर नव्हता, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन होतं. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, कंपनीने इंजेक्शन काढून तिला कार्ब्युरेटर लावला. किंमत उतरली आणि ताकद मात्र सुमारे २० वरून २१ हॉर्सपॉवरवर गेली! पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि त्याच पल्सरला पुन्हा इंजेक्शन मिळालं.

इंजेक्शन म्हणजे जास्त ताकद, हा समज इथेच खोटा ठरतो. मग जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत ते बसवून नेमकं काय मिळतं?

फरक काय आहे?

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. जेटचं भोक मात्र ठरलेल्या मापाचं. बाहेर थंडी आहे की ऊन, गाडी पिंपरीत आहे की महाबळेश्वरच्या विरळ हवेत, हे त्याला कळत नाही. म्हणून सकाळी चोक ओढावा लागतो आणि उंचावर इंजिन जास्त पेट्रोल पिऊन काळा धूर सोडतं.

इंजेक्शनमध्ये सेन्सर हवेचा दाब, इंजिनचं तापमान आणि थ्रॉटल किती उघडलाय हे सतत मोजतात. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल नीट जळलं का ते सांगतो. ही माहिती घेऊन ईसीयू, म्हणजे छोटा संगणक, इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. फायदा हाच: कुठल्याही हवेत, कुठल्याही वेगात मिश्रण योग्य.

काय काय बदलावं लागतं?

‘कार्ब्युरेटर काढला, किट लावलं’ एवढ्यावर काम भागत नाही.

• पेट्रोलची लाइन: जुना यांत्रिक पंप अगदी कमी दाबावर चालतो. बहुतेक इंजेक्शन किटना साधारण दहापट, ३ बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो. त्यासाठी इलेक्ट्रिक पंप, बारीक फिल्टर, जास्त दाब सोसणारे पाइप आणि बहुतेकदा टाकीकडे परत जाणारी लाइन लागते. जुना रबरी पाइप तसाच ठेवला, तर तो फुटून गरम इंजिनवर पेट्रोल उडू शकतं आणि आग लागू शकते. इंजिन थांबताच पंप बंद झालाच पाहिजे.

• वीज: पंप आणि ईसीयूला अखंड वीज लागते. जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवावा लागू शकतो. अर्थिंग कच्चं असेल तर गाडी कधीही बंद पडेल.

• ट्यूनिंग: ईसीयूला त्या इंजिनची गरज शिकवावी लागते. हे काम जाणकाराचंच.

ई-२० पेट्रोलचं काय?

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटमधून येणारं इंधन कमी पडतं. इंजिन अडखळतं, जास्त तापतं. ऑक्सिजन सेन्सर असलेलं इंजेक्शन हा फरक आपोआप भरून काढतं. पण इथेनॉलने खराब होणारे जुने रबरी पाइप आणि सील दोन्ही पद्धतींत बदलावेच लागतात. जेट थोडा मोठा करणं हा स्वस्त उपायही आहे.

कायद्याकडे लक्ष

५० वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी मूळ रूपात जपलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नसावा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. त्यामुळे गॅरेजला आगाऊ पैसे देण्याआधी आरटीओत, पिंपरी-चिंचवडकरांनी ‘एमएच-१४’ च्या कार्यालयात, विचारून घेतलेलं बरं.

मग करावं की नाही?

गाडी वर्षातून चार वेळा रॅलीला जात असेल, तर कार्ब्युरेटर उघडून साफ करा, सील बदला, जेट आणि टायमिंग जुळवून घ्या. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. गाडी रोज चालवायची असेल, घाट चढायचे असतील आणि परवानगीचा प्रश्न सुटला असेल, तर इंजेक्शनचा खर्च सार्थकी लागू शकतो.

काढलेला कार्ब्युरेटर मात्र भंगारात देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा. पल्सरलाही एकदा मागे फिरावं लागलं होतं.