एकटीने फिरायला निघायचे, तर सुरुवात कुठून? बदनापूरहून आधी जवळची, मग लांबची ठिकाणे

बदनापूरच्या बसस्थानकावर सकाळी थांबले, तर एकट्या बायका काही कमी दिसत नाहीत. कॉलेजची मुलगी जालन्याच्या गाडीची वाट बघत असते. कुणी ड्यूटीवर निघालेली असते, कुणी संभाजीनगरच्या दवाखान्यात डबा घेऊन जाते, कुणी लेकराला कडेवर घेऊन माहेरी. म्हणजे बाईने एकटीने प्रवास करणे ही काही नवलाई नाही. अडते ते एकाच ठिकाणी. काम नाही, लग्न नाही, दवाखाना नाही, फक्त बघायला जायचे आहे आणि तेही एकटीने, असे म्हटले की घरात लगेच दोन प्रश्न येतात: 'कशासाठी?' आणि 'सोबत कोण आहे?'

एसटीने 17 मार्च 2023 पासून महिलांना सर्व प्रकारच्या गाड्यांमध्ये तिकिटात 50 टक्के सवलत दिली. त्यामुळे खर्चाचे ओझे हलके झाले. आता प्रश्न उरतो तो ठिकाणाचा. कोणते ठिकाण एकट्या बाईसाठी सुरक्षित समजायचे? आणि पहिल्यांदाच निघणारीने कुठे जावे? जाणून घेऊया.

'एकटीच का?' हा प्रश्न जुनाच

1883 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचे वय 18 होते आणि पती गोपाळराव सोबत जाणार नव्हते. निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले. लोक सतत विचारत असलेले प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि उत्तरे दिली. त्यातला एक प्रश्न होता, एकटीच का जाता?

पुढे सव्वाशे वर्षांनी मुंबईत याच प्रश्नाचा अभ्यास झाला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक 2011 मध्ये आले. बाई रस्त्यावर दिसली की तिला काहीतरी काम असलेच पाहिजे, असे समाज धरून चालतो, हे त्यात मांडले आहे. बदनापूरच्या थांब्यावरही तेच चित्र आहे. हातात डबा किंवा फाइल असली की कुणी विचारत नाही. रिकाम्या हाताने निघालेल्या बाईला मात्र कारण सांगावे लागते.

सुरक्षित ठिकाण कसे ओळखायचे?

'महिलांसाठी सर्वात सुरक्षित दहा ठिकाणे' अशा याद्या मोबाइलवर रोज येतात. पण ठिकाणाचे नाव पाहून सुरक्षितता कळत नाही. एकच गाव सकाळी दहाला निर्धास्त आणि रात्री दहाला अनोळखी असते. म्हणून यादीपेक्षा चार गोष्टी तपासाव्यात.

1. परतीची गाडी: शेवटची गाडी किती वाजता आहे? तिच्या आधीचीही एक गाडी हाताशी हवी. परतीची वेळ माहीत नसेल, तर निघू नये.

2. बायकांची वर्दळ: तिथे दुकान चालवणाऱ्या, दर्शनाला आलेल्या, सहलीला आलेल्या बायका दिसतात का? नुसती गर्दी पुरेशी नाही, गर्दीत बायका असायला हव्यात.

3. छप्पर: मुक्काम असेल, तर खोली निघण्यापूर्वी ठरलेली हवी. तिथे पोहोचण्याची वेळ दिवसाची हवी.

4. रेंज आणि स्वच्छतागृह: दोन्ही गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण बाईचा दिवस यांवरच ठरतो. स्वच्छतागृह नसेल, तर बायका पाणीच पीत नाहीत आणि उन्हात त्रास होतो.

लोणारचे उदाहरण घ्या. उल्कापातातून तयार झालेले हे जगप्रसिद्ध सरोवर 2020 मध्ये रामसर यादीत गेले. लोणार गावात वर्दळ आहे, मुक्कामाची सोय आहे. पण विवराच्या आत उतरणारी वाट झाडीतून जाते आणि बराच वेळ कुणी भेटत नाही. म्हणजे गाव चारही कसोट्यांना उतरते, पण खाली उतरणे वर्दळीच्या कसोटीला उतरत नाही. तिथे काठावरून सरोवर बघावे आणि खाली जायचे, तर सकाळी, गाइड किंवा एखाद्या कुटुंबाच्या सोबतीने.

पहिली पायरी: सकाळी जा, दिवेलागणीला घरी

पहिली सहल मुक्कामाची नको. बदनापूरकरांसाठी सर्वात सोपे ठिकाण म्हणजे वेरूळ. बदनापूर ते संभाजीनगर सुमारे 40 किलोमीटर आणि तिथून वेरूळ आणखी 30. संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून वेरूळकडे एसटी मिळते आणि लेण्यांच्या प्रवेशद्वाराजवळ उतरता येते. तिकीट 40 रुपये. मंगळवारी लेणी बंद असतात, हे आधी लक्षात ठेवावे.

एकूण 34 लेणी एका दिवसात नीट बघून होत नाहीत आणि तशी गरजही नाही. जैन लेणी बाजूला आहेत आणि तिथे गर्दी कमी असते. म्हणून ती सकाळीच बघावीत. 16 क्रमांकाचे कैलास लेणे दुपारसाठी ठेवावे. आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलेल्या या लेण्यात दिवसभर शाळांच्या सहली आणि कुटुंबे असतात. दोन तास एका जागी बसून राहिले, तरी कुणाला वावगे वाटत नाही. घृष्णेश्वराचे मंदिर चालत जाण्याइतके जवळ आहे. त्यामुळे 'कशासाठी?' या प्रश्नाला 'दर्शनाला' हे घरच्यांना पटणारे उत्तरही मिळते. पण ते उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

दुसरे जवळचे ठिकाण उलट दिशेला, जालन्याहून सुमारे 30 किलोमीटरवर सिंदखेड राजा. राजमाता जिजाऊंचे हे जन्मस्थान. लखुजीराव जाधवांचा वाडा गावातच आहे. 12 जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, इथे मोठी गर्दी असते. शांतपणे बघायचे असेल, तर तो दिवस सोडून जावे. पैठणही एका दिवसात होते. नाथांची समाधी, गोदावरीचा घाट आणि पैठणीचे हातमाग. विणकाम बघताना कारागिरांशी बोलण्यात तास कसा जातो, कळत नाही.

दुसरी पायरी: एक रात्र मुक्काम

एक-दोन दिवसाच्या सहली झाल्या, की मुक्कामाचा विचार करावा. अजिंठा संभाजीनगरहून सुमारे 100 किलोमीटर. बदनापूरहून गाडी बदलत एका दिवसात जाऊन येणे दगदगीचे होते. आदल्या दिवशी संभाजीनगरला मुक्काम करून सकाळची पहिली गाडी धरली, तर दिवस पूर्ण मिळतो. फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. सोमवारी अजिंठा बंद असते.

मुक्कामाची खरी अडचण वेगळीच असते. काही लॉजवर एकट्या बाईला खोली नाकारतात. काही ठिकाणच्या भक्तनिवासांतही एकट्या व्यक्तीला, मग ती बाई असो की पुरुष, खोली न देण्याचा नियम असतो. बाईला एकटीला खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. तो त्या-त्या ठिकाणचा स्वतःचा नियम असतो. पण रात्री आठला काउंटरवर उभे राहून वाद घालण्यापेक्षा, आधी फोन करून 'मी एकटी आहे, खोली मिळेल ना?' असे स्पष्ट विचारलेले बरे. शेगावसारख्या ठिकाणी जाण्यापूर्वीही हा फोन करावा.

आणखी दोन पर्याय आहेत. आरक्षित तिकिटाचा पीएनआर असेल, तर मोठ्या रेल्वे स्थानकांतील रिटायरिंग रूम ऑनलाइन बुक करता येते. दुसरा पर्याय राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांचा. राज्य सरकारने 2023 मध्ये 'आई' हे महिला पर्यटन धोरण आणले. त्यात या निवासांमध्ये महिलांना वर्षातील ठरावीक दिवशी 50 टक्के सवलतीची तरतूद आहे. पर्यटन व्यवसाय करू इच्छिणाऱ्या महिलांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजात साह्य देण्याचीही तरतूद त्यात आहे. बाई चालवत असलेले घरगुती निवास वाढले, तर एकट्या प्रवासी बाईचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

तिसरी पायरी: रात्रीची गाडी

बदनापूर ज्या रेल्वेमार्गावर आहे, तो एका बाजूला मनमाडकडे आणि दुसऱ्या बाजूला हैदराबादकडे जातो. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला जाते. हरमंदिर साहिबच्या परिसरात रात्रंदिवस वर्दळ असते, लंगर अखंड सुरू असतो आणि देशभरातून आलेल्या बायका असतात. वर दिलेल्या चारपैकी वर्दळीची कसोटी इथे सहज पार पडते. दुसऱ्या दिशेला देवगिरी एक्स्प्रेसने हैदराबाद गाठता येते. तिथे महिलांच्या छेडछाडीविरोधात पोलिसांची 'शी टीम्स' ही पथके 2014 पासून काम करतात.

लांबच्या गाडीत आरक्षण करताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या स्लीपर वर्गात महिलांसाठी सहा बर्थचा कोटा असतो. 45 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या महिलांसाठी खालच्या बर्थचाही कोटा आहे. एकट्या महिला प्रवाशांसाठी रेल्वे सुरक्षा दलाचा 'मेरी सहेली' हा उपक्रम 2020 पासून सुरू आहे. गाडी सुटताना महिला जवान डब्यात येऊन विचारपूस करतात आणि बर्थची नोंद पुढच्या स्थानकांना देतात. त्यांनी चौकशी केली, तर घाबरू नये.

कायदा काय सांगतो?

तिकीट हरवले किंवा चुकीच्या डब्यात चढले, तर टीसी रात्री उतरवून देईल, ही भीती अनेकींना असते. रेल्वे कायदा 1989 मधील कलम 139 इथे उपयोगी पडते. सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला गाडीतून उतरवायचे झाले, तर ते फक्त दिवसा करता येते. तेही तिचा प्रवास सुरू झालेल्या स्थानकावर, जंक्शनवर, शेवटच्या स्थानकावर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच. आडवाटेच्या स्थानकावर मध्यरात्री तिला उतरवता येत नाही. दंड मात्र भरावाच लागतो.

दुसरी भीती तक्रारीची. अजिंठ्याला काही घडले, तर पुन्हा तिथेच खेटे घालायचे का? नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे बदनापूरला परत येऊनही तक्रार नोंदवता येते. माहिती ऑनलाइन पाठवली, तर तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते.

मोबाइलमध्ये निघण्यापूर्वी करायच्या गोष्टी

- 112 (सर्व आपत्कालीन मदत), 181 (महिला हेल्पलाइन) आणि 139 (रेल्वे) हे क्रमांक सेव्ह करावेत.
- पॉवर बटण लागोपाठ दाबल्यावर आपत्कालीन कॉल लागतो का, हे फोनच्या सेटिंगमध्ये बघून ठेवावे.
- व्हॉट्सअॅपवर घरातल्या एका व्यक्तीला लाइव्ह लोकेशन पाठवावे. एका वेळी ते जास्तीत जास्त 8 तास चालते, नंतर पुन्हा सुरू करावे लागते.
- त्या भागाचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करावा.
- लॉजवर पूर्ण आधारऐवजी मास्क्ड आधार दाखवावे. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात.
- यूपीआयवर विसंबू नये. परतीच्या भाड्याइतकी रोकड पर्सपासून वेगळी ठेवावी.
- प्रवास सुरू असतानाच सोशल मीडियावर ठिकाण टाकू नये. फोटो घरी आल्यावरही टाकता येतात.

घरी काय सांगायचे?

खोटे सांगू नये. मैत्रिणीसोबत जाते असे सांगून एकटीने निघाले आणि वाटेत अडचण आली, तर घरी फोन करायलाही संकोच वाटतो. तीच खरी धोक्याची वेळ असते. त्यापेक्षा एका कागदावर जाण्याची गाडी, परतीची गाडी, मुक्कामाचा पत्ता आणि फोन क्रमांक लिहून द्यावा. घरच्यांची काळजी बहुतेक वेळा 'कुठे असेल, कशी असेल' याची असते. कागद हातात असला, की ती निम्मी होते.

पहिल्यांदा वेरूळला जाऊन ठरलेल्या वेळी परत आलेल्या बाईला दुसऱ्यांदा जाताना कमी प्रश्न विचारले जातात. तिसऱ्यांदा शेजारची विचारते, 'मला नेशील का?' चौथ्या वेळी कदाचित तीही एकटीच जाईल. अर्धे तिकीट काढून, परतीची वेळ बघून, हातात डबा न घेता.