फोनचा डेटा, लॅपटॉपचा पडदा : हॉटस्पॉटच्या वाटचालीचा मागोवा

मार्च २०२० च्या अखेरीस दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नोंदीत देशात इंटरनेटचे ७४ कोटींवर ग्राहक होते. तारेची जोडणी असलेले त्यांत जेमतेम सव्वादोन कोटी, आणि त्या सव्वादोन कोटींत दुकाने, कार्यालये, महाविद्यालयेही आली. बाकीचे ७२ कोटी बिनतारी, म्हणजे जवळजवळ सगळे मोबाइलवाले. त्याच महिन्यात टाळेबंदी लागली आणि ज्याच्याकडे लॅपटॉप होता त्याला तो घरात बसून चालवावा लागला. एवढे लॅपटॉप नेटवर आले कसे, याचे उत्तर या आकड्यांवरूनच निघते : असंख्य घरांत ते काम फोनने केले. तरीही फोनला मोडेम म्हणून वापरण्याच्या या सोयीचा सरकारी आकडेवारीत वेगळा रकाना नाही, कंपन्यांच्या जाहिरातीत तिला जागा नाही, आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या लेखी ती आजही वेळ मारून नेण्याची युक्ती आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांची तिची वाटचाल पाहिली, तर तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न सतत दिसतो. पैसे मोजून घेतलेला डेटा कोणत्या यंत्रावर वापरायचा, हे ठरवणार कोण? माझ्या मते तो अधिकार निखळपणे ग्राहकाचा आहे. भारतात तो बऱ्याच अंशी मिळाला, पण बाजारभावाच्या ओघात मिळाला. हक्क म्हणून स्पष्ट शब्दांत अजून लिहिला गेलेला नाही.

सुरुवातीच्या काळात कंपन्यांनी हा प्रश्न आपल्या बाजूने सोडवून टाकला होता. जीपीआरएसच्या दिवसांत एकाच कंपनीचे नेट दोन वेगवेगळ्या दारांनी विकले जाई. एअरटेलचे ‘एअरटेल लाइव्ह’ हे फोनच्या छोट्या पडद्यावर बातम्या, गाणी, वॉलपेपर दाखवणारे पोर्टल. लॅपटॉपसाठी ‘मोबाइल ऑफिस’ हा वेगळा पॅक. दोघांची सेटिंग वेगळी, ॲक्सेस पॉइंटचे नाव वेगळे, पैसेही वेगळे. फोन तोच, मनोरा तोच, लहरी त्याच. पण पलीकडे कीबोर्ड आहे म्हटले की दर बदलायचा. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ती सगळी खटपट आठवेल : नोकियाचा फोन, ब्लूटूथ किंवा डेटा केबल, संगणकावर पीसी सूट, मोडेम म्हणून फोनची निवड आणि डायल करायचा क्रमांक *९९#. रिलायन्सच्या सीडीएमए फोनवर तोच क्रमांक #७७७ व्हायचा. वेग कागदावर कितीही असो, साध्या जीपीआरएसवर प्रत्यक्षात ३०-४० केबीपीएसच्या आसपास मिळे, म्हणजे घरच्या डायल-अपएवढा किंवा त्याहूनही कमी. एक मेल उघडायला मिनिट लागायचे. तरी टेलिफोनच्या तारेशिवाय, एसटीच्या थांब्यावरून किंवा शेतातल्या घरातून संगणक जगाशी जोडता येतो, हे इथल्या लोकांनी पहिल्यांदा पाहिले ते याच रडतखडत चालणाऱ्या जोडणीवर. तिचे महत्त्व वेगाने मोजू नये असे मला वाटते.

मधली काही वर्षे डोंगलची. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट, एमटीएस एमब्लेझ अशा यूएसबी काड्या लॅपटॉपला लटकू लागल्या, आणि संगणकासाठी वेगळे सिम, वेगळे बिल ही व्यवस्था पक्की होते आहे असे वाटू लागले. ती मोडली फोनमधल्याच एका बदलाने. मे २०१० मध्ये गूगलने अँड्रॉइडची २.२ आवृत्ती जाहीर केली आणि तिच्यात यूएसबी टेदरिंग व वाय-फाय हॉटस्पॉट थेट सेटिंगमध्ये दिले. आयफोनवर वाय-फाय हॉटस्पॉट २०११ च्या सुरुवातीला आला. आता डायल करणे नाही, पीसी सूट नाही. फोनच छोटा राउटर झाला. तो लॅपटॉपला स्वतःच्या हाताखालचा एक खासगी पत्ता देतो (अँड्रॉइडवर कितीतरी वर्षे हे पत्ते १९२.१६८.४३ ने सुरू होत) आणि लॅपटॉपची मागणी आपल्या नावावर पुढे पाठवतो. मनोऱ्याला दिसतो तो फक्त फोन. पण पूर्णपणे नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर किती टप्पे ओलांडायची मुभा आहे याचा आकडा असतो आणि तो दर टप्प्याला एकाने उतरतो. अँड्रॉइड फोनचे स्वतःचे पाकीट सहसा ६४ वर निघते, विंडोज लॅपटॉपचे १२८ वर. फोनमधून पुढे गेलेल्या पाकिटावर १२७ दिसले, की त्यामागे दुसरे यंत्र आहे हे कंपनीला कळू शकते. तेव्हा हॉटस्पॉट ओळखणे आणि अडवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड कधीच नव्हते. ते करू द्यायचे का, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नावर उघड भांडण झाले ते अमेरिकेत, आणि त्या भांडणातून माझ्या मुद्द्याला सगळ्यांत भक्कम पुरावा मिळतो. जून २०१० मध्ये एटी अँड टीने २ जीबीचा पॅक २५ डॉलरला आणला आणि तोच डेटा लॅपटॉपवर वापरायचा तर महिन्याला आणखी २० डॉलर मागितले. त्या २० डॉलरमध्ये एक एमबीसुद्धा जादा नव्हता. ग्राहकाने आधीच विकत घेतलेले २ जीबी दुसऱ्या पडद्यावर पाहण्याची ती किंमत होती. व्हेरायझनने पुढची पायरी गाठली : फोनवर हॉटस्पॉट सुरू करून देणारी ॲप आपल्या ग्राहकांना दिसू नयेत, अशी मागणी तिने गूगलकडे केली. पण व्हेरायझनने ७०० मेगाहर्ट्झचे जे स्पेक्ट्रम घेतले होते, त्याच्या लिलावातच ग्राहकाच्या यंत्रांवर आणि ॲपवर आडकाठी न करण्याची अट होती. फ्री प्रेस या संघटनेने तक्रार केली आणि जुलै २०१२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाशी तडजोड करताना व्हेरायझनला साडेबारा लाख डॉलर भरावे लागले. जीबीच्या मापाने पैसे देणाऱ्यांना हॉटस्पॉटसाठी वेगळे शुल्क लागणार नाही, हेही त्यात ठरले. जुन्या अमर्याद पॅकवाल्यांकडून मात्र ते घेण्याची मुभा राहिली. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे आज तोच फरक समोर येतो आहे. युरोपातही २ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय न्यायालयाने जर्मनीतल्या व्होडाफोनच्या प्रकरणात निकाल दिला, की विशिष्ट ॲपचा वापर हिशेबात न धरणारी सवलत हॉटस्पॉटला मात्र नाकारणे खुल्या इंटरनेटच्या नियमात बसत नाही.

आपल्याकडे असे भांडण झालेच नाही, कारण त्याआधीच दर कोसळले. ट्रायच्याच आकड्यांनुसार २०१४ मध्ये मोबाइलवरच्या एका जीबीला सरासरी २७० रुपयांच्या आसपास पडत. २०१८ पर्यंत तो दर १२ रुपयांच्या आत आला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यानंतरची चढाओढ सगळ्यांच्या स्मरणात आहे. जीबी एवढा स्वस्त झाल्यावर तो फोनवर खर्च झाला की लॅपटॉपवर, हे तपासत बसण्यात कंपनीला काही मिळेना, आणि ‘मोबाइल ऑफिस’सारखे वेगळे दार आपोआप मिटले. नियमांतही एक धागा आला. नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत ट्रायने म्हटले, की मजकूर, प्रोटोकॉल किंवा ग्राहकाचे उपकरण यांवरून इंटरनेटमध्ये भेदभाव होता कामा नये, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व स्वीकारले. त्यातला ‘ग्राहकाचे उपकरण’ हा शब्दप्रयोग मला मोलाचा वाटतो. पण फोनमागच्या लॅपटॉपलाही तो लागू होतो हे कोणी उलगडून सांगितलेले नाही, आणि दरपत्रकातल्या बारीक अटींचे काय करायचे हेही मोघमच राहिले.

हॉटस्पॉटला अशी मोकळीक देण्याला एक रास्त हरकत आहे. मनोऱ्याची क्षमता वाटून घ्यावी लागते. लॅपटॉप फोनपेक्षा कितीतरी जास्त डेटा खेचतो, आणि एकाने हॉटस्पॉटवर मोठाल्या फायली उतरवल्या तर शेजारच्या दहाजणांची रेंज असून नसल्यासारखी होते. हे खरे आहे. पण या त्रासाचे कारण डेटाचे प्रमाण आहे, यंत्राचा प्रकार नाही. फोनवर चार तास मालिका बघणारा आणि लॅपटॉपवर तासभर अहवाल लिहिणारा यांत मनोऱ्यावर भार कोण टाकतो हे उघड आहे. प्रमाणावर मर्यादा घालायची तर ती आहेच : रोजचे दीड जीबी, दोन जीबी. विजेचे युनिट मिक्सरने खाल्ले की पंख्याने, हे घरातला मीटर विचारत नाही; जीबीच्या मापाने विकलेल्या डेटालाही तोच न्याय हवा. ‘अमर्यादित’ म्हणून विकलेल्या ५जी पॅकचे काय, असे कोणी विचारील. तिथे कंपनीने आपली खरी मर्यादा आकड्यात सांगावी आणि ती सगळ्या यंत्रांना सारखी लावावी. अमर्याद म्हणायचे आणि लॅपटॉप दिसला की हात आखडायचा, हे विक्रीच्या कोणत्याही चोख व्यवहारात बसत नाही.

तत्त्व मान्य झाले तरी रोजच्या वापरातली अडचण उरते, आणि तिच्यात संगणकवाल्यांचाही वाटा आहे. लॅपटॉपच्या प्रणाली वाय-फाय म्हणजे घरातले न संपणारे नेट असे धरून चालतात. विंडोज १० सारखी प्रणाली हॉटस्पॉटला जोडली गेली, की मागच्या मागे अपडेट उतरवायला लागते, फोटो क्लाउडवर चढतात, आणि दुपारपर्यंत दिवसाचा कोटा संपल्याचा मेसेज येतो. उपाय आहे : २०१२ च्या विंडोज ८ पासून त्या जोडणीला ‘मीटर्ड’ ठरवता येते. पण ती खूण बहुतेकदा वापरणाऱ्याला स्वतः शोधून करावी लागते. अँड्रॉइड फोन तर हॉटस्पॉट देतानाच ‘हे नेट मोजून मिळते’ असा गुप्त इशारा लॅपटॉपला कित्येक वर्षे पाठवत आले. ऐकणारे यंत्र पलीकडे असेल तरच त्याचा उपयोग. कोटा संपल्यावर अनेक पॅकवर वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. ५ एमबीची एक पीडीएफ उतरायला साडेदहा मिनिटे, तीही मध्ये जोडणी तुटली नाही तर. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप फेरीचा पसंतीक्रम शेवटच्या दिवशी भरणाऱ्या मुलीसाठी हा वेग म्हणजे दार बंदच. कोटा संपल्यानंतरचा किमान वेग सरकारी अर्ज आणि परीक्षेची संकेतस्थळे निदान उघडतील एवढा असावा, ही मागणी अवाजवी नाही.

टाळेबंदीने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना घरून काम करू द्यायचे तर तोवर मान्यताप्राप्त खासगी जोडणी आणि एक कोटी रुपयांपर्यंतची अनामत अशा अटी होत्या. मार्च २०२० मध्ये दूरसंचार विभागाने त्या तात्पुरत्या शिथिल केल्या आणि नोव्हेंबरमध्ये नियमच मोकळे केले. आधीचा नियम घरी पक्की जोडणी असलेला कर्मचारी गृहीत धरून लिहिला होता; नागपूरच्या किंवा इचलकरंजीच्या घरात फोन उशाशी लावून काम करणारा कर्मचारी त्याला दिसलाच नव्हता. घरात तो फोन बहुधा एकच असे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय. वडिलांच्या फोनवर मुलाचा वर्ग चालू, म्हणून वडिलांचा फोन लागत नाही, अशी कोंडी लाखो घरांनी अनुभवली. हॉटस्पॉटचा हा खराखुरा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही : जोडणी माणसाच्या खिशाला बांधलेली असते आणि माणूस बाहेर गेला की तीही जाते.

यावरून काहीजण म्हणतात, की मग फोनच्या नादी न लागता तारच घरोघर न्यावी. ती न्यावीच. अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना, जिला पुढे भारतनेट म्हटले गेले, २०११ मध्ये मंजूर झाली, आणि महाराष्ट्रात महानेट तिचेच काम करते आहे. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेली तार वस्तीवरच्या घरापर्यंत जायला वर्षे लागतात, आणि तोवर दहावीचे, भरतीचे, पीकविम्याचे वेळापत्रक थांबत नाही. २०२३ पासून कंपन्या एअरफायबर देऊ लागल्या : गच्चीवर पेटी, ५जीच्या लहरी, घरात वाय-फाय. तारेची उणीव ते काही प्रमाणात भरून काढेल. तरी लहरी त्याच आहेत. फरक एवढाच, की पेटी घराला बांधलेली आणि बिल महिन्याचे. पुण्यातल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा सणाला गावी जातो, तेव्हा त्याच्यासोबत त्याचा फोन जातो, गच्चीवरची पेटी जात नाही. घरची बिनतारी जोडणी वेगळी विकता यावी म्हणून उद्या फोनच्या हॉटस्पॉटवर पुन्हा वेगळा दर लावण्याचा मोह कंपन्यांना होऊ शकतो. जीपीआरएसच्या काळात दोन दारे होती ती याच हिशेबाने. २०१८ च्या तत्त्वात ‘ग्राहकाचे उपकरण’ म्हणजे फोनमागे जोडलेला लॅपटॉपही, आणि हॉटस्पॉटसाठी वेगळे शुल्क किंवा कमी वेग चालणार नाही, एवढे स्पष्टीकरण ट्रायने आजच काढावे. वेगळा दर एकदा दरपत्रकात शिरला, की तो काढून टाकायला अमेरिकेतल्यासारखी तक्रार, चौकशी आणि तडजोडीची वर्षे घालवावी लागतील.